नोटेशन नाही, क्लास नाही. मग भजनी मंडळी पेटी शिकतात कशी?

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं, गोदावरी ओलांडली की पुढे विष्णुपुरी. एकीकडे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, एकीकडे अभियांत्रिकी संस्था, आणि धरणाच्या पाण्याकाठी काळेश्वराचं मंदिर. इथल्या वसतिगृहांत गावाकडून आलेली अनेक पोरं आहेत. त्यांच्या गावात सप्ताह होतो, दर एकादशीला भजन होतं. त्यातल्या एखाद्याला पेटी शिकावीशी वाटली, तर आज तो काय करतो? मोबाइल काढतो आणि 'हार्मोनियम नोटेशन' असं शोधतो.

मग व्हिडिओ सापडतो. पट्ट्यांवर आकड्यांचे स्टिकर चिकटवलेले असतात, आणि कोणती पट्टी कधी दाबायची ते स्क्रीनवर दिसतं. आठवडाभरात गाणं 'बसतं'. सुट्टीत पोरगा गावी जातो, मंडळात बसतो आणि पहिल्याच अभंगाला अडकतो. व्हिडिओत सगळं काळी एकमध्ये होतं. बुवांनी काळी चारमध्ये तोंड उघडलं. बोटांना पाठ झालेल्या जागा आता कामाच्या नाहीत. शेजारचा सत्तरीतला पेटीवाला मात्र बुवांनी अर्धं चरण म्हणेपर्यंत त्यांच्या मागे लागलेला असतो. त्याने आयुष्यात नोटेशनचं पान पाहिलेलं नसतं.

असं कसं होतं? सोपं उत्तर म्हणजे 'त्याला देणगी आहे'. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. कानाने शिकण्याची एक पद्धत आहे. ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

शब्द वहीत, चाल कानात

आपल्याकडे गाण्याचे शब्द जपून लिहिले गेले. चाल लिहिण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. तुकोबांची गाथा घराघरांत आहे, पण एखादा अभंग कसा म्हणायचा हे त्यात दिलेलं नाही.

याचं नांदेडइतकं ठळक उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नर्सी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. त्याच नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये ज्या ग्रंथापुढे माथा टेकला जातो, त्यात. या ग्रंथाची पहिली संहिता 1604 मध्ये तयार झाली. तिची रचना रागांनुसार आहे, म्हणजे पद कोणत्या रागात म्हणायचं हे वर लिहिलेलं असतं. शब्द आहेत, रागाचं नाव आहे. पण त्या रागातून ते पद नेमकं कुठून उचलायचं, कुठे थांबायचं, हे रागी जथ्थे एकमेकांकडून ऐकूनच शिकत आले. चारशे वर्षं मजकुराचा कानामात्रा हलला नाही, आणि चालींचा प्रवास मात्र गळ्यातून कानात आणि कानातून गळ्यात होत राहिला.

भारतीय संगीताला सोयीची लेखनपद्धत मिळवून देण्याचे मोठे प्रयत्न दोन मराठी माणसांनी केले, विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी. दोघांच्या पद्धती आजही वापरात आहेत. पण भातखंड्यांनीही बंदिशी आधी उस्तादांकडून ऐकल्या, मगच लिहिल्या. ऐकलेली गोष्ट विसरू नये म्हणून नोटेशन फार उपयोगी आहे. कधीच न ऐकलेली गोष्ट त्यावरून गाऊन पाहा, म्हणजे अडचण कळेल.

एक चाल शिकलात, तर किती अभंग आले?

नवशिक्याला वाटतं, हजारो अभंग आहेत, म्हणजे हजारो चाली शिकायच्या. तसं नाही.

मोठ्या अभंगाचं माप ठरलेलं असतं: तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. थोडी ओढाताण सगळीकडे असते, पण माप हेच. त्यामुळे 6-6-6-4 च्या एका अभंगाची चाल त्याच मापाच्या दुसऱ्या अभंगाला सहसा बसते. भजनी मंडळी हे रोज करतात. शब्द एका अभंगाचे आणि चाल दुसऱ्याची घेतली तर कुणी दचकत नाही.

हरिपाठ तर नवशिक्यासाठीच बनवला असावा असं वाटतं. पंचवीसहून जास्त अभंग एकापाठोपाठ एक, बहुतेक एकाच मापाचे. गावोगावी ते रोज संध्याकाळी म्हटले जातात. मंडळ अधूनमधून चाल बदलतं, पण एक चाल बराच वेळ चालते. एवढ्या वेळा तीच ओळ कानावर पडल्यावर तुम्ही शिकला नाहीत, तरी ती तुमच्यात शिरलेली असते. सुरुवातीला हवं ते हेच, एकच चाल आणि तिचा पुष्कळ मारा. रोज नवं गाणं हाती घेणाऱ्याचा कान तयार होत नाही, त्याची फक्त यादी वाढते.

पेटी बाजूला ठेवा

कानाने शिकायचं तर पहिले काही दिवस वाद्याला हात लावू नये. विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. जे गुणगुणता येत नाही, ते बोटांना शोधता येत नाही. आवाज चांगला असण्याची गरज नाही. आंघोळ करताना, बसमध्ये, मनातल्या मनात ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजली पाहिजे, आणि मध्ये कुठे पुसट झाली तर तेवढा तुकडा पुन्हा ऐकला पाहिजे.

मग 'सा' शोधायचा. ध्रुपदाची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीची, शेवटची जागा गुणगुणून धरून ठेवा. आता पेटीवर एकेक पट्टी दाबत जा. एका पट्टीवर तुमचा आवाज आणि पेटीचा आवाज एकमेकांत मिसळेल, दोन वेगळे आवाज ऐकूच येणार नाहीत. बहुतेक चालींत हाच सा असतो. नेहमी नाही. काही चाली पंचमावर टेकतात, आणि नवशिक्याची सगळ्यात सामान्य चूक म्हणजे पंचमाला सा समजणं. ती पकडायला एक चाचणी आहे: सापडलेली पट्टी दाबून धरा आणि त्यावर अख्खा अभंग म्हणून पाहा. शेवटी घरी आल्यासारखं वाटलं तर सा बरोबर. दारात उभं राहिल्यासारखं वाटलं तर शोध चालू ठेवा.

सा सापडला की पट्टीचा प्रश्न मिटतो. बुवा काळी एकमध्ये गावोत की पांढरी पाचमध्ये, सा पासूनची अंतरं तीच राहतात. म्हाताऱ्या पेटीवाल्याचं गुपित हेच आहे. त्याला पट्ट्या पाठ नसतात, अंतरं पाठ असतात. आकड्यांच्या व्हिडिओतून नेमकं हेच शिकायचं राहून जातं.

सरावासाठी एक युक्ती करून पाहण्यासारखी आहे. भूप रागात पाचच स्वर असतात: सा, रे, ग, प, ध. काळी तीनला सा धरलं, तर हे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात. भूपातली एखादी ओळखीची चाल घ्यायची आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर ती शोधायची. रागाबाहेरचा स्वर लागूच शकत नाही, त्यामुळे भीती जाते आणि लक्ष फक्त 'वर की खाली, जवळ की लांब' एवढ्यावर राहतं. ते जमलं की तीच चाल पांढरी एकपासून शोधायची. पहिल्यांदा डोकं फिरेल. ते फिरायलाच हवं, कारण याच वेळी कान कामाला लागतो.

आधी सांगाडा

दुसरी चूक म्हणजे गायकाची प्रत्येक हरकत पहिल्याच दिवशी उचलायला जाणं. जाणते लोक उलटं करतात. आधी ताल: भजनी ठेका असो की धुमाळी, मात्रा आठ. हातात टाळ नसेल तर मांडीवर थाप द्या आणि शब्द कुठल्या थापेवर पडतो ते पाहा. मग प्रत्येक चरणाचे फक्त दोन स्वर शोधा, सुरुवातीचा आणि शेवटचा. मग सगळ्यात उंच जागा कुठली ते पाहा. एवढ्यावर चालीचा सांगाडा उभा राहतो, आणि मधले स्वर बरेचसे आपोआप सापडतात, कारण एका ठरलेल्या जागेवरून दुसऱ्या ठरलेल्या जागेवर जायचे रस्ते मोजकेच असतात.

मुरक्या, हरकती शेवटी. त्यातल्या काही पेटीवर येणारच नाहीत. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो त्याला मींड म्हणतात. पेटीच्या पट्ट्या सुट्या आहेत, दोन पट्ट्यांच्या मधलं काही तिच्यात नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. भजनी मंडळांनी त्या बंदीकडे ढुंकून पाहिलं नाही. पण मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे: रेकॉर्डिंगमधलं सगळं पेटीवर निघत नाही म्हणून आपलाच कान खराब आहे, असं समजू नये.

तबकडीसमोर बसलेली पोरं

समोर गुरू नसताना, नुसत्या रेकॉर्डिंगवरून असं शिकता येतं का? येतं, आणि त्याचा इतिहास मोठा आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा लहान वयात मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. पुढे तो कुमार गंधर्व झाला. गदगच्या भीमसेन जोशींना अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून असं वेड लागलं की 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, ते गुरू शोधायला घरातून निघून गेले. दोघांनाही पुढे गुरू लागलेच. कुमार मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले, भीमसेन सवाई गंधर्वांकडे. तबकडीने कान तयार करून दिला, बाकीचं काम माणसांनी केलं.

त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. गवयाला पसारा घालायला जागाच नसे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही अडचण नव्हती, सोय होती. छोटा, आटोपशीर धडा, हवा तितक्या वेळा लावता येणारा.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिण भागात, त्याच सुमारास आणखी एक संगीत याच वाटेने तयार होत होतं. त्याला ब्लूग्रास म्हणतात. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि मोठं बास, एवढीच वाद्यं. ढोल-ड्रम नाही. मंडळी एका माइकभोवती उभी राहून वाजवायची, आणि ज्याची पाळी असेल तो पुढे सरकायचा. आवाज मुद्दाम उंच लावलेला. वारकरी बुवांचा टिपेचा स्वर ज्यांच्या कानात आहे, त्यांना तो परका वाटणार नाही.

या संगीताचा जनक मानला जाणारा बिल मनरो 1911 मध्ये केंटकी राज्यातल्या रोझीन गावी जन्मला. दृष्टी अधू होती, त्यामुळे पुस्तकापेक्षा कानावर भरवसा. फिडल वाजवणारा मामा आणि आर्नोल्ड शुल्ट्झ नावाचा कृष्णवर्णीय वादक यांचं ऐकून तो तयार झाला. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या ताफ्यात डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज हा बँजोवाला आला आणि ब्लूग्रासचा आजचा बाज ठरला. हा स्क्रग्जही 1924 चाच, कुमार गंधर्वांच्या वयाचा.

लहानपणी तालाचा सराव स्क्रग्ज आणि त्याचा भाऊ कसा करायचे, याची एक गोष्ट त्याने पुढे सांगितली आहे. दोघं एकच गाणं एकत्र सुरू करत आणि वाजवत वाजवत घराला उलट्या दिशांनी फेरी मारत. घराच्या मागे भेट झाली की बघायचं, अजून दोघांचा ताल जुळतोय का? मेट्रोनोम नाही, शिक्षक नाही. दोन मित्र आणि एक टाळजोडी असेल तर विष्णुपुरीच्या वसतिगृहाभोवतीही हे करून पाहता येईल.

कान किती वेगाने काम करतो, हे स्टॅनली बंधूंनी दाखवलं. मनरोच्या ताफ्याने 'मॉली अँड टेनब्रूक्स' हे गाणं 1947 मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं, पण तबकडी बाजारात यायची होती. मंडळी ते कार्यक्रमांत मात्र वाजवत होती. स्टॅनली बंधूंनी ते तिथून उचललं आणि 1948 मध्ये स्वतःची तबकडी काढूनही टाकली. मनरोची आली 1949 मध्ये. मनरो चिडला, आणि ते साहजिकच होतं. पण ब्लूग्रास हा एका ताफ्याचा बाज न राहता संगीताचा प्रकार झाला, तो इतरांनी असा कानाने उचलल्यामुळेच.

आजही ब्लूग्रास शिकू पाहणाऱ्या नवख्याला जुने वादक पहिल्याच दिवशी स्क्रग्जच्या वेगामागे धावू देत नाहीत. त्या जुन्या गाण्यांपैकी बहुतेक तीन मुख्य कॉर्डवर उभी आहेत, आपल्या भाषेत सा, म आणि प यांच्यावर बांधलेल्या. आधी बास ऐकायचं आणि कॉर्ड कुठे बदलते ते पकडायचं. मग शब्दांची सरळ चाल, आणि बँजोची धावपळ सगळ्यात शेवटी. म्हणजे पुन्हा तेच, आधी सांगाडा.

वेग कमी करा, पण किती?

पुढच्या पिढीतले बँजो शिकणारे अनेक जण रेकॉर्ड प्लेअर निम्म्या वेगाने लावत. त्याने गाणं संथ व्हायचं, पण एक अख्खं सप्तक खालीही जायचं. आज यूट्यूबवर वेग 0.75 किंवा 0.5 केला तरी स्वर जागचा हलत नाही. एवढी सोय त्या पिढीला स्वप्नातही नव्हती.

ती वापरावी, पण जपून. निम्म्या वेगात स्वर कळतात, लय मरते. अवघड तुकडा संथ करून कळला की लगेच मूळ वेगावर ऐकायचा, मग वाजवायचा. आणि जुन्या तबकडीवरून घेतलेलं रेकॉर्डिंग असेल तर आणखी एक गंमत होते. तेव्हा यंत्रांचा वेग एकसारखा नसायचा, त्यामुळे सा कधी कधी दोन पट्ट्यांच्या मधोमध सापडतो. अशा वेळी पेटीला दोष देऊ नये आणि स्वतःलाही. जवळची पट्टी धरावी आणि रेकॉर्डिंगसोबत वाजवण्याऐवजी ते थांबवून वाजवावं.

मंडळात कुठे बसायचं?

हातात टाळ घेऊन मागे. टाळकऱ्याच्या कानावर सगळं येतं आणि तो चुकला तरी भजन थांबत नाही. शेजारी पंधरा जण बरोबर वाजवत असतात, त्यांच्या लयीत चूक आपोआप दुरुस्त होते. एकट्याने खोलीत वर्षभर केलेल्या सरावातून हे मिळत नाही. मराठवाड्यात गावात सप्ताह बसला की पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि पुढे जागर असा सात दिवस कानावर मारा असतो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत 1917 पासून मुलं पाठांतर आणि सहवासातून घडत आली, तेच थोडक्यात इथे घडतं, आणि फी नाही.

जाणत्यांना विचारायचीही एक रीत आहे. 'बुवा, इथे कोणता स्वर लागतो?' असं विचारलं तर बहुतेक बुवा गोंधळतात, कारण त्यांनी स्वरांच्या नावांनी ती चाल शिकलेलीच नसते. 'माऊली, तेवढं एक चरण पुन्हा म्हणता का?' असं विचारा. पुन्हा म्हणतील, तिसऱ्यांदाही म्हणतील. दुसऱ्या वेळी थोडं वेगळं म्हणाले तर गडबडून जाऊ नका. दोन्हींत जे सारखं राहिलं ती चाल, आणि जे बदललं तो त्या दिवशीचा त्यांचा लहरीपणा. या फरकावरून शिकणाऱ्याला जे कळतं, ते एकाच रेकॉर्डिंगवरून कधीच कळत नाही.

चाल गेली की गेली

प्रसिद्ध गायकांचे अभंग कुठेही जात नाहीत, ते हजार ठिकाणी साठवलेले आहेत. प्रश्न गावातल्या चालींचा आहे. काकड्याची एखादी चाल, एखाद्या दिंडीपुरती गौळण, ओवीची आजीकडून आलेली ढब. त्या कुठल्या तबकडीवर नाहीत, कुठल्या वहीत नाहीत. ज्या तीन-चार गळ्यांत आहेत, ते गळे सत्तरीच्या पुढचे आहेत. शब्द गाथेत राहतील, चाल राहणार नाही.

म्हणून ज्याला शिकायचं आहे त्याने मोबाइलचा उपयोग व्हिडिओ बघण्याआधी रेकॉर्डिंगसाठी करावा. फोन टाळकऱ्यांपासून लांब आणि पेटी-बुवांच्या जवळ ठेवायचा. टाळ जवळ असले की माइकला दुसरं काही ऐकूच जात नाही आणि घरी येऊन ऐकलं तर नुसता खणखणाट असतो. भजन संपल्यावर, लोक चहा घेत असताना, त्याच बुवांना एक अभंग टाळ-मृदंगाशिवाय संथ म्हणायची विनंती करायची. तीन मिनिटं पुरतात, जुन्या तबकडीच्या एका बाजूइतकी. परवानगी आधी घ्यायची, आणि सोशल मीडियावर टाकायचं असेल तर वेगळी घ्यायची.

आणि फाइलला लगेच नाव द्यायचं: गाव, तारीख, अभंगाचे पहिले शब्द, चाल कुणाकडून आली. 'ऑडिओ 0047' असं राहिलं, तर वर्षभराने मेमरी भरते तेव्हा सगळ्यात आधी तेच डिलीट होतं.